शिरोरेषा पायाशी

सेतू वर्गाचा पहिलाच आठवडा होता. मी वाचनालयात टेबलावर एक जुनी विनोदी कादंबरी पसरून वाचत बसलो होतो. माझे हात थोडे कापतात, म्हणून पुस्तक हातात न धरता सपाट ठेवून वाचायची सवय लागली आहे. समोरच्या खुर्चीवर एक मुलगी वही उघडून बसली होती. मधेच ती खुदकन हसली. मी मान वर केली तर तिने चटकन वहीत डोकं घातलं. मी पुन्हा वाचायला लागलो. चार ओळी पुढे गेलो, तिथे सासरेबुवा चुकून जावयाची टोपी घालून वरातीपुढे चालायला लागतात, आणि मलाही हसू फुटलं.

"वाचलेलं दिसतंय हे पुस्तक," मी म्हटलं.

"नाही... म्हणजे, हो. थोडंसं," ती म्हणाली आणि लाल झाली.

मला बरं वाटलं. वाचणारी पोर दिसते, असं मनाशी म्हटलं आणि विषय तिथेच सोडला. खोदून विचारणं माझ्या स्वभावात नाही. विचारलं असतं तर पुढचा घोळ टळला असता असं नंतर वाटलं; पण मला असं इतक्या गोष्टींबद्दल वाटतं, की त्याला फारसा अर्थ नाही.

हा सेतू वर्ग म्हणजे शाळा आणि कॉलेज यांच्या मधल्या उन्हाळ्यात भरणारा वर्ग. ज्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तिथली मुलं त्यात घेतात. मुलांनी वसतिगृहात राहायचं, सकाळी प्रयोगशाळेत जायचं, दुपारी वाचनालयात बसायचं आणि सुट्टी संपेपर्यंत कॉलेजच्या चालीरीती अंगवळणी पाडून घ्यायच्या. शेवटी कोण कुठल्या शाखेला जाणार ते शिक्षक ठरवतात. विज्ञानाच्या जागा थोड्या, आणि त्या बाबतीत प्रयोगशाळेच्या सरांचा शब्द शेवटचा. ते "हो" म्हणाले तर जागा, नाहीतर दुसरी शाखा.

मी या वाचनालयातूनच निवृत्त झालो. आताची ग्रंथपाल बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा मुख्य बाईंनी मला बोलावणं धाडलं. मी आठवडाभर "जमेल का मला" करत बसलो. शेवटी आमची ही म्हणाली, "अहो, घरी बसून वाचता ते तिथे बसून वाचायचं. त्यात न जमण्यासारखं काय आहे? आणि मला दुपारी जरा झोप मिळेल."

मुलांनी पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांची बारशी उरकली. मी आजोबा झालो, त्यात विशेष काही नाही. प्रयोगशाळेच्या सरांना ती भिंगसर म्हणायची. एक लांबलचक मुलगा होता, तो शिडी. आणि माझ्यासमोर बसणारी ती मुलगी पाटी, कारण ओळख करून देताना ती म्हणाली होती, "आमच्या घरी पाट्या कोरतात." तिचे वडील दारावरच्या नावाच्या पाट्या, दुकानांचे फलक, स्मारकांवरचे पितळी पत्रे कोरायचे.

"कोरी पाटी का कोरलेली?" शिडीने विचारलं होतं.

"तुझ्या नावाची कोरायची झाली तर लांबीला पत्रा पुरायचा नाही," ती म्हणाली होती. तेव्हापासून दोघांची गट्टी जमली.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सगळी पोरं वाचनालयात आली ती चक्क गुपचूप. एरवी त्यांना "हळू बोला" म्हणायला मी तोंड उघडायचो, आणि ते उघडून शब्द बाहेर पडेपर्यंत त्यांचं बोलून संपायचं. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढेना. शिडी तर खुर्चीत बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होता.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"आजोबा, सरांनी सूक्ष्मदर्शकातून तळ्याचं पाणी दाखवलं. एक थेंब. एकच." तो थांबला. "त्यात गर्दी आहे हो. आणि सगळे घाईत आहेत."

"एक जण तर काचेसारखा होता," पाटी म्हणाली. "आरपार. त्याने काय खाल्लंय ते त्याच्या पोटात दिसत होतं. तो दुसऱ्याला धडकला, थांबला, आणि वळसा घालून गेला. आजोबा, त्याला कुणी शिकवलं असेल वळसा घालायला?"

मी उभा जन्म पुस्तकांत काढला, पण सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नव्हता. वाचनालयाच्या वरच्याच मजल्यावर प्रयोगशाळा होती, जिना चढून गेलं की झालं. पण "मलाही दाखवता का" असं कुणाला म्हणायचं, आणि त्यांनी "कशाला" विचारलं तर काय सांगायचं, या विचारात वर्षं निघून गेली. हे मी मुलांना सांगितलं नाही. जीवशास्त्राच्या कपाटाची किल्ली तेवढी काढून दिली.

त्या दिवसापासून पाटीने ते कपाट सोडलं नाही. एकदा पुस्तकाच्या ढिगाआडून ती म्हणाली, "मला हेच करायचंय. आयुष्यभर. रोज सकाळी उठायचं आणि बघायचं."

"मग विज्ञान शाखाच घ्यावी लागेल."

"म्हणून तर भिंगसरांना खूश ठेवायचंय. त्यांनी नाही म्हटलं तर संपलंच."

भिंगसर खूश होणाऱ्यांतले नव्हते. माणूस सच्चा, पण तिखट. ते याच कॉलेजात शिकत असताना माझ्याकडून पुस्तकं न्यायचे, तेव्हाही पानाला दुमड पडलेली दिसली की माझ्यासमोर आणून धरायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो ते रोज सांगायचे: दिसेल ते काढायचं, माहीत आहे ते काढायचं नाही. "ज्याला दिसण्यापेक्षा माहीत असलेलं जास्त प्यारं, त्याने माझ्या प्रयोगशाळेत पाऊल टाकू नये."

मुलांना सूक्ष्मदर्शक स्वतः लावता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं चित्र काढायला दिलं. वर्तमानपत्रातून एकेक बारीक छापील अक्षर कापून काचपट्टीवर ठेवायचं, नळीतून बघायचं आणि जसं दिसेल तसं काढायचं. सगळ्यांना "ग" मिळाला.

त्या दुपारी शिडी एकटाच धापा टाकत खाली आला.

"आजोबा, पाटीचं वाटोळं झालं."

"अरे, नीट सांग."

त्याने टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर एक "ग" काढला. तो डोक्यावर उभा होता. शिरोरेषा खाली, पाय वर, आणि काना डावीकडे. "हे असं दिसतं भिंगातून. सगळं उलटं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. सरांनी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. कोण बघून काढतो आणि कोण डोक्यातून काढतो, हे त्यांना कळतं ना त्यावरून! आम्ही सगळ्यांनी असा काढला. शिरोरेषा पायाशी. आणि पाटीने..."

"सरळ काढला?"

"सुंदर काढला हो! शिरोरेषा डोक्यावर, जिथल्या तिथे, अगदी कोरल्यासारखा. सर म्हणाले, 'तू बघितलंच नाहीस.' ती म्हणाली, बघितलं. सर म्हणाले, पुन्हा बघ. तिने बघितलं. म्हणाली, 'सर, सरळच आहे.' सगळे हसले. सरांनी स्वतः बघितलं, म्हणाले, उलटा आहे, शेवटची संधी देतो. तिने इतका वेळ डोळा लावला की डोळ्यातून पाणी आलं. आणि पुन्हा म्हणाली, सरळच आहे."

"मग?"

"सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, 'चूक मी माफ करतो. खोटं नाही. तू दुसरी शाखा बघ.'"

थोड्या वेळाने पाटी आली. रडलेली नव्हती. पुस्तकं एकावर एक रचून तिने माझ्यापुढे ठेवली.

"ही परत घ्या आजोबा. मी बाबांना फोन केलाय. उद्या न्यायला येतायत."

"अगं, असा तडकाफडकी..."

"मी खोटं बोलले नाही. पण सगळ्यांना उलटं दिसलं आणि मला एकटीलाच सरळ दिसलं, म्हणजे काय समजायचं? एक तर मी खोटारडी, नाहीतर माझ्या डोळ्यांत बिघाड. दोन्हीपैकी काहीही असलं तरी बघण्याचं काम मला कोण देणार?"

मला तिला थांबवायचं होतं. सरांकडे जाऊन चार शब्द बोलायचेही होते. जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत गेलो, आणि आपल्याला त्यातलं काय कळतं असं वाटून परत आलो.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती.

"पोरगी खोटं बोलतेय असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही वाटत."

"मग तसं त्या मास्तरला सांगितलंत?"

"मी काय सांगणार? मी कधी ते यंत्र पाहिलेलंसुद्धा नाही."

"कमाल आहे बाई तुमची. लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हाही तासभर भिंतीकडे बघत होतात. तरी 'मुलगी पसंत आहे' म्हणून कळवलंतच ना?"

मी तिच्यासमोरची एक जुडी ओढली आणि निवडायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीचे वडील आले. बुटके, रुंद खांद्यांचे, नखांत पितळेची पूड रुतलेली. वसतिगृहाच्या बाई यायला वेळ होता, म्हणून मुख्य बाईंनी दोघांना वाचनालयात बसायला सांगितलं. बापाने लेकीला "काय झालं" म्हणून एकदाही विचारलं नाही. खांद्यावरच्या पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, टेबलावर पसरलं आणि वाचायला लागला. ती त्याच्यासमोर बसली, टेबलाच्या पलीकडे, हातावर हनुवटी टेकून.

मी कार्डं लावायचं निमित्त करून बघत होतो. मग वडील म्हणाले, "बघितलंस? पूल पडला म्हणे."

"पडला नाही बाबा, पाडलाय. खाली लिहिलंय बघा, नवीन बांधणार आहेत."

"हां, हां. तू कुठवर आलीस?"

"माझं झालं. उलटा पान."

आणि त्यांनी पान उलटलं.

माझ्या हातातलं कार्ड हातातच राहिलं. पेपर वडिलांच्या बाजूने ठेवलेला होता. तिच्याकडे अक्षरांची डोकी होती, आणि ती वडिलांच्या पुढे वाचून मोकळी झाली होती. मग मला ती कादंबरी आठवली. टेबलावर सपाट पसरलेली, मी अलीकडे, ती पलीकडे. जावयाची टोपी. तिने ते पुस्तक वाचलेलं नव्हतंच. ती माझ्याबरोबर वाचत होती.

मी उठलो.

"बाळ, तू... तू हा पेपर उलटा वाचतेस?"

"उलटा?" तिने पेपरकडे पाहिलं. "हो की. उलटाच आहे."

"तिचं विचारू नका," वडील हसले. "ती लहानपणापासून तशीच. मी कोरायला बसलो की पत्रा हलतो ना, मग समोरून कुणीतरी दाबून धरायला लागतो. ही एवढीशी होती तेव्हापासून समोर बसून धरायची. मी ठोकत जायचो आणि ही विचारायची, हे काय, ते काय. शाळेत जायच्या आधीच सगळी अक्षरं आली हिला. पण सगळी तिकडून! शाळेतल्या बाई पाटीवर अक्षर काढायच्या तर ही म्हणायची, बाई, तुम्ही उलटं काढलंत." ते लेकीकडे बघून हसले. "मग सरळही शिकली. आता तिला सगळं सारखंच."

पाटी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. मी काय म्हणणार आहे हे मला पूर्ण जुळवता येत नव्हतं, पण तिला माझ्या आधी कळलं. वाचण्यात ती माझ्या पुढे असायची, तसंच.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "एक अक्षर काढा. मला दाखवू नका कुठली बाजू वर आहे ते."

मी चिठ्ठीवर एक "ग" काढला, मुठीत चुरगाळल्यासारखा फिरवला आणि तिच्यापुढे ठेवला.

"ग," ती म्हणाली.

"सरळ का उलटा?"

ती बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी आली. "थांबा हं... ग आहे. तो माझ्याकडे बघतोय का बाबांकडे, हे मला... आठवावं लागतंय." तिने बोटाने रेषा चाचपली. "शिरोरेषा पायाशी आहे. उलटा आहे. म्हणजे, दिसत नाही मला. हिशेब केल्यावर कळतं."

आता जिना चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी पुढे, मागे ती, तिच्यामागे पेपराची घडी काखेत मारलेले वडील.

भिंगसर मऊ कापडाने सूक्ष्मदर्शकांच्या नळ्या पुसत होते. आम्हाला पाहून त्यांनी काम थांबवलं नाही.

"काय काका? आज वर?"

"ते... म्हणजे... असं आहे की," मी सुरुवात केली. जिन्यावर जुळवून आणलेलं सगळं जिन्यावरच राहिलं होतं. "ही माझं पुस्तक वाचत होती. म्हणजे मी वाचत होतो ते. समोरून."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्याबद्दल मला जे वाटतं तेच त्यांनाही वाटत असावं. मग पाटी पुढे झाली.

"सर, तुमचं बरोबर होतं. अक्षर उलटंच होतं. मी बघत होते, पण मला दिसत नव्हतं. मला उलटं आणि सरळ अक्षर एकसारखंच दिसतं." आणि तिने पत्र्याचं सगळं सांगितलं.

"छान," सर म्हणाले. "विचार करायला एक अख्खी रात्र मिळाली की चांगली सबब सुचते."

"सबब नाही साहेब," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही, पण पिशवी खाली ठेवली. "पोरीला न्यायला मी आलोच आहे. नेतोही. पण खोटारडी म्हणून नेणार नाही."

सरांनी कापड खाली ठेवलं. मग त्यांनी वडिलांच्या काखेतला पेपर मागून घेतला, मधलंच एक पान उघडलं आणि तिच्यासमोर उलटं धरलं. ती घडाघडा वाचायला लागली. त्यांनी मधेच पान सरळ केलं. तिचा वेग कमी झाला नाही, वाढलाही नाही. पान फिरल्याचं तिच्या गावीही नव्हतं. त्यांनी पुन्हा उलटं केलं, पुन्हा सरळ. ती वाचत राहिली, एखादी गाडी सपाट रस्त्यावरून जावी तशी.

सरांनी पेपर खाली ठेवला. आता त्यांच्या चेहऱ्यावरचा तिखटपणा गेला होता आणि तिथे काहीतरी दुसरं आलं होतं. कोडं पडलेल्या मुलासारखं.

"बस," ते म्हणाले.

त्यांनी काचपट्टीवर एका मेलेल्या मुंगीचा पाय ठेवला आणि तिला काढायला सांगितलं. तिने नळीला एक डोळा लावला आणि दुसरा कागदावर ठेवून काढत गेली. चित्र झाल्यावर सरांनी काचपट्टी बाहेर काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिली. काचेवर पायाची नखी डावीकडे होती. तिच्या चित्रात उजवीकडे होती. पायावरचे केसही उलट्या बाजूला झुकलेले होते.

"अगदी भिंगात दिसतो तसा," सर पुटपुटले. "तिळाइतकाही फरक नाही. म्हणजे तू बघतेस."

मग त्यांनी कालचाच "ग" ठेवला. "काढ."

तिने काढला. शिरोरेषा डोक्यावर. पेन्सिल ठेवल्यावर तिने स्वतःच कपाळाला हात लावला. "पुन्हा सरळ काढला ना? सर, मला माहीत होतं तो उलटा आहे. ठरवून बसले होते. तरी हाताने सरळच काढला."

सर समोरच्या स्टुलावर बसले. तिचं चित्र हातात घेऊन उलटसुलट फिरवत राहिले.

"मला किती वर्षं झाली शिकवायला," ते म्हणाले, "आणि मी एक गोष्ट मुलांना दरवर्षी सांगतो. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पडदा असतो, त्यावर चित्र उलटं पडतं. आत्ता तुमच्या तिघांच्या डोळ्यांत मी डोकं खाली, पाय वर करून बसलोय. काकांच्याही. आणि तरी कुणाला मी पडेन अशी भीती वाटत नाही. कारण आतमध्ये कुणीतरी प्रत्येक क्षणी ते सरळ करून घेतंय. तान्हं मूल असल्यापासून. आपल्याला न विचारता." ते पाटीकडे वळले. "हे मी सांगतो, मुलं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात. पण ते काम करताना मी कधी कुणाला पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. माझ्यासमोर, या स्टुलावर."

मी नकळत दाराची चौकट धरली. आयुष्यभर वाचलेली सगळी पानं, सगळ्या ओळी माझ्या डोळ्यांच्या आत डोक्यावर उभ्या राहून गेल्या होत्या, आणि आतल्या त्या कुणीतरी एकेक अक्षर न कंटाळता पायांवर उभं करून माझ्या हाती दिलं होतं. मी त्याचे कधी आभार मानले नव्हते. तो आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"मग सर..." पाटीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मग काय? कालचं चित्र चूकच आहे. त्याचे गुण मिळणार नाहीत," सर म्हणाले. "दिसलं ते काढलं नाहीस, माहीत होतं ते काढलंस. पण खोटं बोलली नाहीस. तो शब्द मी मागे घेतो. आणि तो वर्गात सगळ्यांसमोर वापरला होता, म्हणून मागेही तिथेच घेईन." ते उठले. "आता इकडे ये. तुला अक्षर ओळखीचं आहे ना, म्हणून ते तुला फसवतं. ते ओळखूच येणार नाही, इतक्या जवळ जाऊ या."

त्यांनी खालची भिंगं फिरवली, मोठं भिंग आणलं, चाक हळूहळू फिरवलं आणि बाजूला झाले. तिने डोळा लावला.

आम्ही वाट बघत होतो. ती हलेना. श्वास घेते की नाही तेही कळेना.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"ग नाही," ती म्हणाली. मग खूप वेळाने: "सर, इथे अक्षरच नाही. रान आहे. वाळलेल्या गवतासारखं, एकमेकांत गुंतलेलं, आणि त्याच्यामागून ऊन येतंय. मधेमधे काळी ढेकळं अडकलीयत. कशीही. कुणी ठेवल्यासारखी नाहीत, सांडल्यासारखी." ती थांबली. "हीच शाई?"

"हीच शाई. गवत म्हणजे कागद."

"याला वर-खाली नाहीच."

"नाही. काढ आता."

तिने काढायला सुरुवात केली. एकेक काडी, एकेक ढेकूळ. आता तिचा हात कोरणाऱ्याचा नव्हता. अडखळत होता, थांबत होता, पुन्हा डोळ्याला विचारून येत होता. सर तिच्या खांद्यामागे उभे होते. चित्र अर्धं झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं. कॉलेज सुरू झाल्यावरही. मला रोज दिसायला हवीस."

तिने मान वर केली नाही. पण तिची पेन्सिल क्षणभर थांबली आणि मग पुन्हा चालायला लागली.

वडील पुढे सरकले. "साहेब, मी बघू का जरा?"

पाटी उठली. ते वाकले, एक डोळा घट्ट मिटला, तोंड वाकडं केलं. बघत राहिले. "यात अक्षर कुठंय?"

"नाहीये बाबा."

"आणि मी इतकी वर्षं याच्यावर संसार केला?" ते म्हणाले, आणि आम्ही सगळेच हसलो, सरसुद्धा, मोठ्याने. मग वडिलांनी पिशवी उचलली आणि वसतिगृहाच्या बाईंना सांगून येतो, पोर राहतेय म्हणून, असं म्हणत जिना उतरून गेले.

मीही निघालो. काम झालं होतं, आणि मी त्यात काय केलं असं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. दाराशी पोचलो तोच ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही नाही बघितलंत."

"मी? नको, राहू दे. तुझं चित्र व्हायचंय."

"काका," भिंगसर म्हणाले, "बसा."

मी बसलो. चष्मा काढावा का ठेवावा हे कळेना. तिने माझ्या हातातून तो अलगद काढून घेतला. मी डोळा लावला तर आधी नुसता काळोख, माझ्याच पापण्यांचा. मग तिने माझं बोट धरून चाकावर ठेवलं. "हळू. अगदी हळू फिरवा. आपोआप येतं."

आणि ते आलं. सोनेरी काड्यांचं ते रान, खोल, आणखी खोल, एकीखाली दुसरी, आणि त्यांच्यामधून वर येणारा उजेड. काळे डोंगर कुठेकुठे. कुणी चाललेलं नाही अशी जागा. मी ज्यावर आयुष्यभर डोळे फिरवले ते हे होतं, आणि मी इथे कधी आलो नव्हतो.

"काय दिसतंय आजोबा?" तिने विचारलं.

मला सांगायचं होतं. शब्द शोधायला मी सहसा पुस्तकांकडे वळतो, पण त्या वेळी एकही आठवेना.

"वाचता येत नाही," मी म्हटलं. आणि डोळा तसाच लावून बसलो.